अनुभव धागा: 'कट' कुठं कुठं ऐकलाय?

इंग्रजीत कट म्हणजे कापणे एवढं पाचवीत शिकवलं आणि तिथंच सोडून दिलं. कट-कट-कट, तिन्ही रूपं सारखी, त्यामुळं पाठांतरात मार वाचायचा. पण साताऱ्यात राजवाड्यापाशी नुसतं उभं राहिलं तरी कुणाचं पोरगं कटिंगला गेलेलं असतं, कुणाची लाईट कट झालेली असते, झेडपीच्या तिकिटातनं कुणाचा तरी पत्ता कट झालेला असतो. यातलं निम्मं इंग्रजाला कळायचं नाही आणि त्यांचं निम्मं आपल्याला. तुमच्या घरात, धंद्यात, शेतात हा शब्द कसा येतो ते लिहा. डिक्शनरी उघडून अर्थ टाकू नका, प्रसंग लिहा.

खंबाटकीवाला
टेम्पो आहे, साताऱ्याहून पुण्याला माल टाकतो. आमच्या लाईनीत कट म्हणजे कट मारणे, दुसरं काय नाही. जाताना बोगदा असतो म्हणून बरं, येताना घाट चढायचा, गाडी भरलेली, दुसऱ्या गिअरवर, आणि मागनं एखादा कारवाला वळणावर आतनं घुसतो आणि आरशाला लागतंय न लागतंय असा पुढं जातो. हा कट. लागलं तर ॲक्सिडेंट, नाही लागलं तर कट. पेपरात बघा की, 'कट मारल्याच्या कारणावरून मारहाण' ही बातमी सारखी असते. भाचा इंग्रजी मिडियमचा, तो म्हणतो मामा इंग्रजीत पण गाडी आडवी घातली की 'कट ऑफ' म्हणतात. असेल. त्यात आपल्यासारखी खुन्नस नाही.

पेढीवरचा दिवाणजी
सांगली मार्केट यार्ड, हळद. आमच्या शेठनी बाहेर माल पाठवायला सुरुवात केली तेव्हा अमेरिकेतल्या एजंटाचा मेल आला की शुक्रवारी तुमचा चेक कट करतोय. शेठचं डोकंच फिरलं, माल पोचला आणि आता चेक कट करतोय म्हणजे पैसे बुडाले, असं धरून फोनवर फोन. शेवटी सूनबाई आल्या, त्या आयटीत होत्या, म्हणाल्या बाबा चेक कट करणे म्हणजे चेक लिहून देणे. शेठ म्हणाले, "कापल्यावर तो वटणार कसा?" मी म्हटलं मालक, आपण नाही का दिवसभर पावत्या फाडत बसतो, ते काय फाडून टाकतो व्हय. मग पटलं.

दोडका
@दिवाणजी आणि बिल फाडणं राहिलं की. चूक साहेबाची, बिल माझ्या नावावर.

कराडची माई
सून चांगली आहे, हे आधीच सांगते. पण "आई, भेंडी कट करू का" म्हटली की माझ्या कपाळाला आठी पडते. भेंडी चिरायची, मेथी खुडायची, सुपारी कातरायची, नारळ फोडायचा, गवत कापायचं, ऊस तोडायचा, शाळू काढायचा, नखंसुद्धा काढायची असतात. आता सगळ्याला कट. कापड तर बेतायचं असतं. मी ब्लाउज शिवते. खडूनं रेघ मारली की रेघेवर कात्री चालवायची नाही, बाहेर दोन बोटं माया सोडायची, बाई अंगानं सुटली तर उसवून ढिलं करता आलं पाहिजे. आता पोरी मोबाईल दाखवत येतात, काकू प्रिन्सेस कट पाहिजे, आणि कुशीला माया सोडते म्हटलं की "नको, फिटिंग जातं". दिवाळीचा फराळ झाला की येतात परत.

पलूसचे सर
माईंच्या बेतण्यावरून. बारावीला 'ही इज नॉट कट आऊट फॉर धिस जॉब' असं वाक्य भाषांतराला दिलं होतं. निम्म्या वर्गानं 'त्याला नोकरीवरून कापले नाही' असं लिहिलं, एकानं तर 'कापले नाही, फक्त बदली केली' असं स्वतःच्या पदरचं पण घातलं. अर्थ एवढाच की हे काम त्याच्या वकूबातलं नाही. माईंच्या भाषेत सांगायचं तर तो त्या मापावर बेतलेला नाही, आणि मी वर्गात तसंच सांगितलं तेव्हा मुलींच्या बाकांवर आधी कळलं. 'कट कॉर्नर्स', म्हणजे पैसा-कष्ट वाचवायला काम कच्चं करणं, मात्र एका झटक्यात समजलं, सगळ्यांनी गावातल्या रस्त्याच्या कॉन्ट्रॅक्टरचं उदाहरण दिलं.

गल्ली नंबर पाच
कट लागली!!! टेनिस बॉलला बारीक कट लागली तर आवाज येत नाही, त्यामुळं ज्याची बॅट तो नॉट आऊट. खऱ्या क्रिकेटात कट हा शॉट असतो, स्क्वेअर कट, लेट कट, रन मिळतात. विजय हजारे सांगलीत जन्मले, १९४८ ला ॲडलेडमध्ये ब्रॅडमनच्या टीमविरुद्ध दोन्ही डावांत सेंच्युरी मारली, आणि त्यांच्याच गावात कट म्हणजे बॅट दे आणि फिल्डिंगला जा.

तासगाव द्राक्ष
वर्षातनं दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी, काडी एक-दोन डोळ्यांवर (डोळा म्हणजे फुटव्याचा कोंब) आणायची, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, ती काडी बघून. आम्ही छाटणीच म्हणायचो पण सल्लागार येऊन "इथं कट घ्या, तिथं कट घ्या" करायला लागले तशी टोळीतल्या बायकांच्या तोंडातही कटच बसला. कट डोळ्याच्या जरा वर घ्यायचा, डोळ्याला चिकटून घेतला तर डोळा वाळतो, नवा गडी असला की पहिल्या ओळीत मी त्याच्या मागंच उभा असतो. मग लगेच डोळ्यांना पेस्ट लावायची, सगळे एकदम फुटावेत म्हणून. ते औषध लई वाईट, ग्लोव्हजशिवाय हात लावायचा नाही आणि दारूला तर शिवायचंच नाही, अंगावर येतं, छाटणीच्या दिवसांत आमच्या वस्तीवर जेवढे बिनदारूचे असतात तेवढे श्रावणातही नसतात. बाकी कट कसा घ्यायचा हे शिकता येतं, कधी घ्यायचा हा जुगार. लवकर घेतला तर फुलोऱ्यात परतीचा पाऊस आणि दावण्या रोग, उशिरा घेतला तर बाजारात सगळ्यांचा माल एकदम. एवढं करून व्यापारी पैसे देताना त्याचा कट लावतो तो निराळाच.

सिव्हिलसमोर
पैशातला कट निघालाच आहे तर 'कट प्रॅक्टिस' कुणी कसं लिहिलं नाही? एका डॉक्टरनं दुसरीकडं पेशंट धाडायचा आणि तिकडनं आपला वाटा घ्यायचा. २०१७ ला राज्य सरकारनं त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता, मसुद्याच्या नावातच कट प्रॅक्टिस. मी मेडिकलच्या दुकानात असतो एवढं सांगतो, पुढचं विचारू नका.

कृष्णाकाठ
२०१९ चा सांगलीचा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर. आमच्या गल्लीत आधी लाईट कट केली, करावीच लागते, मीटर पाण्यात होते, मग एकेक मोबाईल मान टाकायला लागला. भाऊ दुबईला, तो इंग्रजी चॅनेल लावून बसलेला, तिथं 'कट ऑफ' 'कट ऑफ' चाललेलं. नंतर म्हणाला ते वाचून मला ॲडमिशनची लिस्टच आठवत होती, मराठी चॅनेलवर 'संपर्क तुटला' वाचलं आणि मग आईला फोन लावायला सुटलो, रात्रभर. आई वरच्या मजल्यावर स्टोव्हवर अख्ख्या गल्लीला कोरा चहा करत होती. तिला घोर एकच, लोणच्याची बरणी खाली राहिली.

पुरणपोळी फॅन
एवढे इंग्रजी कट झाले, आपल्या कटाचं काय? मिसळीवरचा कट, आणि पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढतात तो कट. होळीला मुंबईची नवी वहिनी आलेली, काकूनं आतनं हाक मारली, "अगं डाळीचा कट काढून घे", तर ती सुरी शोधायला लागली.

कराडची माई
@पुरणपोळी फॅन तुमच्यात आमटीला चिंच का आमसूल?

पुरणपोळी फॅन
चिंच ओ. आणि मूठभर पुरण त्यातच कालवायचं, मग गूळ वेगळा घालायला लागत नाही. आमसुलाची आमटी मावशीकडं चिपळूणला असते, ती खातो पण बोलत काही नाही.