अनुभव धागा: टीव्ही गेम आता एम्युलेटरवर, तुम्ही कोणता वापरता?

गेल्या आठवड्यात भाच्याला कॉन्ट्रा हा जुना गेम दाखवावा म्हणून लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या टीव्ही गेमची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला. पहिल्या टप्प्यातला तो फुटत जाणारा पूल ओलांडायच्या आतच माझे तिन्ही जीव गेले. बोटांची सवय मोडली असेल, असं आधी वाटलं. दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा बसलो तेव्हा लक्षात आलं की धावणारे शत्रू, गोळ्या, मागचं संगीत, सगळंच आठवणीपेक्षा भरभर चाललंय. हे फक्त मलाच जाणवलं का, ते विचारायचं होतं. म्हणून हा धागा.

नव्वदच्या दशकात आपल्या बहुतेकांच्या घरी जो 'टीव्ही गेम' होता (कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे सामुराई), तो मुळात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राच्या) घडणीचा. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. अमेरिकेत तोच एनईएस या नावानं १९८५ मध्ये गेला. आपल्याकडे आली ती बहुतेक त्याची नक्कल, पण आपलं बालपण त्याच नकलेवर गेलं आणि मला त्याबद्दल मनापासून प्रेम आहे.

तर लिहा: कोणता एम्युलेटर, कशावर चालवता, काय आवडलं, कुठे अडलात. एकच विनंती, गेमच्या फायलींचे दुवे देऊ नका. त्यांचे हक्क अजून कंपन्यांकडेच आहेत.

नाशिकहून

माझी सुरुवात नेस्टिकलपासून. हा १९९७ साली आला, फुकट होता आणि डॉसवरही चालायचा. मित्राच्या भावाच्या पीसीवर पहिल्यांदा पाहिला. माउसच्या बाणाऐवजी पडद्यावर रक्ताळलेला तुटका हात फिरत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मारिओ सुरू झाला तेव्हा आम्ही तिघं काही क्षण बोललोच नाही. कॅसेट नाही, फुंकर नाही, अ‍ॅडॅप्टर तापायची भीती नाही.

त्यात गेम चालू असतानाच चित्रं बदलता यायची. आम्ही मारिओच्या टोपीखाली मिशा वाढवल्या, शर्ट हिरवा केला. आज तो वापरू नका, अचूकतेत तो फार मागे पडलाय. पण इतक्या कमी ताकदीच्या मशीनवर तो वेग त्यानं कसा साधला, याचं मला आजही कौतुक आहे.

ठाण्याहून, टीव्ही दुरुस्ती करतो

धागाकर्त्याला जाणवलं ते खरं आहे आणि मी ते मोजलंय.

माझ्याकडे एक जुना नकली कन्सोल अजून चालू स्थितीत आहे, सोबत २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही. सुपर मारिओ लावला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच धरलं. पहिल्या पातळीवर वेळेचा आकडा ४०० पासून सुरू होतो. मारिओला जागेवर उभा ठेवून तो ३०० वर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं: ४८ सेकंद. मग एफसीईयूएक्स एम्युलेटरवर तोच गेम, तीच पद्धत: ४० सेकंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

कारण सोपं आहे. हा गेम दर २४ फ्रेमना (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र) एक आकडा कमी करतो, म्हणजे १०० आकड्यांना २४०० फ्रेम. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० फ्रेम दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा ५०. गेमला घड्याळ कळत नाही, तो फक्त फ्रेम मोजतो. त्यामुळे आपल्याकडे सगळंच सहातल्या पाच पटीनं चालायचं. उडी, गोळी, संगीताचा ठेका, सगळं.

पुढची गंमत मला फार आवडते. निन्टेन्डोनं युरोपच्या पाल टीव्हीसाठी जो कन्सोल काढला, त्यात प्रोसेसरही मंद केला होता, १.७९ ऐवजी १.६६ मेगाहर्ट्झ. त्यामुळे जपानी गेम त्यावर लावला की सूरही खाली उतरायचे. नकली चिप बनवणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. प्रोसेसर जवळपास मूळ वेगाचाच ठेवला, १.७७ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक फ्रेममध्ये चित्र संपल्यावर ५० रिकाम्या ओळी वाढवल्या. त्यामुळे सूर जवळजवळ मूळचे राहिले, फक्त ठेका संथ झाला. आपल्या कानात बसलेला मारिओ तो हाच.

रशियात अशाच नकली कन्सोलचं नाव डेंडी होतं. तिथे तो इतका खपला की या प्रकारालाच आता डेंडी म्हणतात. एफसीईयूएक्समध्ये कॉन्फिग, मग रीजन, त्यात डेंडी निवडा. मेसेन आणि नेस्टोपियातही हा पर्याय आहे. लावून बघा आणि डोळे मिटून ऐका.

धागाकर्ता

लावला. ऐकला. बायको आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, हा आमच्या घरचा मारिओ!" ठाणेकर दादा, तुमचे खूप आभार.

सांगलीहून, अकरावी-बारावीला संगणक शिकवते

माझा अनुभव खेळण्याचा कमी, शिकवण्याचा जास्त. मीही एफसीईयूएक्सच वापरते, पण त्यातल्या साधनांसाठी. मेमरी उघडून बघता येते, प्रोग्राम एकेक सूचना करत पुढे नेता येतो, लुआ भाषेत छोटे प्रोग्राम लिहून गेमला जोडता येतात.

वर्गात मी सुपर मारिओ चालू करते आणि शेजारी चित्रांच्या तुकड्यांची खिडकी उघडते. आठ गुणिले आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन दिसतात. मग मुलांना सांगते, आकाशातला ढग शोधा. ते शोधतात. आता जमिनीवरचं झुडूप शोधा. सगळे शोधत राहतात आणि मग एखादी मुलगी ओरडते, "मॅडम, ते ढगच आहेत, फक्त हिरवे!" खरंच तसं आहे. तुकडे तेच, रंग वेगळे. सगळा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, म्हणून ही काटकसर. आज मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर जो एक फोटो पाठवतात तो याच्या कितीतरी पट मोठा असतो. कन्सोलची स्वतःची कामाची मेमरी तर २ किलोबाइट. हे पुस्तकातून सांगितलं तर ऐकून सोडून देतात. एम्युलेटर थांबवून त्यातल्या पत्त्यावरचा आकडा बदलला आणि मारिओचे जीव वाढले की पत्ता म्हणजे काय, ते पुन्हा सांगावं लागत नाही.

गेमच्या हक्कांचा मुद्दा शाळा-कॉलेजात काटेकोरपणे पाळावा लागतो, म्हणून मुलांना स्वतः करून बघायला मी आजच्या लोकांनी याच कन्सोलसाठी लिहिलेले नवे गेम सुचवते. २०१९ चा मायक्रो मेजेस बघा, चार जणांनी मिळून खेळता येतो आणि तोही ४० किलोबाइटमध्येच बसवलाय.

पुण्याहून

डेंडीवर सगळे खूश आहेत, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो. ज्यांनी हे गेम घडवले त्यांनी ते ६० फ्रेमवर घडवले. उडीची उंची, शत्रू यायची वेळ, संगीताची लय, सगळं त्या वेगाला जोखून. आपण लहानपणी पाहिली ती चुकीच्या वेगावर वाजलेली तबकडी होती. ती प्रिय आहे हे मान्य, पण मूळ चीज ऐकायची संधी मिळाली तर ती सोडू नये. मी ६० वर पुन्हा शिकलो. तीन आठवडे लागले आणि कॉन्ट्रा मला नव्यानं आवडला.

माझा एम्युलेटर मेसेन. अचूकतेत त्याच्याइतका विश्वास मला दुसऱ्या कशावर नाही. एक उदाहरण देतो. या कन्सोलला एका आडव्या ओळीत फक्त आठ हलती चित्रं दाखवता येतात. नववं आलं की कुणीतरी गायब होतं, म्हणून गर्दीत शत्रू लुकलुकायचे. मेसेनमध्ये ही मर्यादा काढता येते आणि लुकलुक थांबते. पण काही गेममध्ये याच मर्यादेचा मुद्दाम उपयोग करून पात्राचा काही भाग लपवलेला असतो. मर्यादा सरसकट काढली तर तिथे चित्र बिघडतं. मेसेन अशा जागा ओळखून मर्यादा आपोआप परत लावू शकतो. इतका बारकाईनं विचार कुणीतरी फुकट वाटायच्या सॉफ्टवेअरसाठी केलाय.

आणखी एक: तुमचा जपानी कॉन्ट्रा बघायचा राहिला असेल तर जरूर बघा. त्यात टप्प्यांच्या मध्ये गोष्ट सांगणारी दृश्यं आहेत, पहिल्या टप्प्यात झाडं हलतात. अमेरिकन आवृत्तीत ते सगळं काढलंय, कारण तिच्या कॅसेटमध्ये जपानी कॅसेटमधली खास चिप नव्हती.

मडगावहून

मोबाइलवर खेळतो, रेट्रोआर्क (अनेक एम्युलेटर एकाच ठिकाणी चालवणारं अ‍ॅप) टाकून. काचेवरच्या बटणांवर कॉन्ट्रा होत नाही, अंगठा सरकतो. ब्लूटूथचा रिमोट घेतला आणि प्रश्न मिटला. आता आयफोनवाल्यांनाही सोय झालीय, २०२४ च्या एप्रिलपासून डेल्टा हा एम्युलेटर अ‍ॅप स्टोअरवर मिळतो.

मोठ्या टीव्हीला जोडणाऱ्यांना एक सांगणं आहे: उडी उशिरा लागतेय असं वाटलं तर एम्युलेटरला दोष द्यायच्या आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. त्यानंतरही वाटलं तर रेट्रोआर्कमध्ये 'रन-अहेड' एक फ्रेमवर ठेवा. तो पुढची फ्रेम आधीच काढून दाखवतो, त्यामुळे बटण आणि उडी यांतलं अंतर कमी होतं.

कोल्हापूरहून

मी माझ्या जुन्या कॅसेटी संगणकात घ्यायचं मनावर घेतलं होतं. आपल्या कॅसेटींना ६० पिना असतात, अमेरिकन कॅसेटींना ७२. म्हणून कॅसेट वाचायचं यंत्र घेताना फॅमिकॉमचं बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखं परत पाठवायला लागेल.

पिवळी कॅसेट होती, वर लिहिलेलं ९९९९९९ इन १. चार स्क्रू काढले, उघडली. आत मला वाटलं होतं की चिपा दिसतील, पाय असलेल्या. तसलं काहीच नाही. तळहाताएवढी हिरवी पट्टी आणि मधोमध काळ्या लाखेसारखे दोन घट्ट थेंब. चिप त्या थेंबाच्या पोटात. एका बाजूला बारक्या अक्षरात पेनानं माझ्या मोठ्या भावानं आमचं आडनाव लिहिलेलं. भाऊ आता नाही. मी ती पट्टी किती वेळ हातात धरून बसलो, मला सांगता येणार नाही.

पिना खोडरबरानं घासल्या, पहिल्या दोन वेळा वाचन अर्धवट आलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. आत खरे गेम मोजके निघाले. बाकी सगळी यादी म्हणजे तेच गेम वेगळ्या पातळीवरून सुरू होणारे. असल्या बहुगेमी कॅसेटींची अंतर्गत रचना प्रत्येकीची निराळी असते, सगळे एम्युलेटर ती ओळखत नाहीत. मेसेनवर मला फक्त काळा पडदा आला, रेट्रोआर्कमधल्या एफसीईयूएमएमवर चालली. मेन्यूचं संगीत वाजलं आणि ते पक्षी पडद्यावरून गेले तेव्हा घरात लई शांतता झाली होती.

पुण्याहून, पुन्हा

कोल्हापूरकर, तुमचं वाचून वर लिहिलेल्यात एक दुरुस्ती करतो. काही कॅसेटींची मूळ चीज ५० वरच आहे.

नागपूरहून

टीव्ही गेमच्या बंदुकीबद्दल कुणीच लिहिलं नाही. डक हंट या बदकं टिपायच्या गेमसाठी माझ्या मुलीला तीच बंदूक चालवायची होती, पण नव्या एलईडी टीव्हीवर ती चालत नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड त्याच घडीला दिसला तर नेम लागला. नवा टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तेवढ्यात ती घडी निघून जाते. एम्युलेटरमध्ये माउसनं नेम धरता येतो, मुलगी खेळते, पण पलंगावर उभं राहून एक डोळा मिटून मारण्याची मजा त्यात नाही. जुना डबा टीव्ही कुणी टाकून देत असेल तर देऊ नका.

एडिसन, न्यू जर्सीहून

ताई साताऱ्यात, मी इथे. लहानपणी कॉन्ट्राच्या तिसऱ्या टप्प्यावर, धबधब्यावर, आमची रोज भांडणं. तिथे पडदा वर सरकतो. पुढचा भराभर चढला की मागचा खाली पडद्याबाहेर जातो आणि मरतो. ताई नेहमी पुढे.

दिवाळीनंतर आम्ही रेट्रोआर्कचं नेटप्ले (इंटरनेटवरून एकत्र खेळायची सोय) लावलं. दोघांकडे तीच आवृत्ती, तोच नेस्टोपिया कोअर (रेट्रोआर्कच्या आत चालणारा एम्युलेटर), अगदी तीच फाइल पाहिजे. यातलं एक जरी वेगळं असलं तरी जुळत नाही, आमचे दोन रविवार त्यातच गेले. एकदा जुळल्यावर मात्र इतक्या अंतरावरून खेळतोय असं वाटत नाही. दुसऱ्याचं बटण उशिरा पोहोचलं तर एम्युलेटर थोडं मागे जाऊन हिशेब परत करतो, आपल्याला मधूनच एखादी झेप दिसते तेवढीच. ताईनं पहिल्याच मिनिटाला विचारलं, "इतका पळतोय का हा?" हा धागा वाचून या रविवारी डेंडी लावलं, दोघांकडेही.

तीस जीवांची खूण तिला पाठ होती: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. मग दोघांसाठी सिलेक्ट आणि स्टार्ट. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रॅडियस या गेमसाठी घातली होती. गेम तपासताना तो त्यांनाच अवघड जात होता, म्हणून. ते २०२० मध्ये गेले.

धबधब्यावर आलो. ताई दोन फळ्या वर होती, मी खालच्या दगडावर, पाणी अंगावरून जातंय. फोन स्पीकरवर होता, पलीकडून भाचीचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. ताई थांबली. "ये तू आधी," म्हणाली. मी तिच्या फळीवर पोहोचेपर्यंत ती जागची हलली नाही, वरून येणाऱ्या गोळ्या तेवढ्या चुकवत राहिली.

पुढच्या रविवारी चौथा टप्पा.