दोन क्रेडिटचा योग : सर्वांना सक्तीचा ठेवावा की मागेल त्यालाच द्यावा?

तालुक्याची प्राध्यापिका

नमस्कार. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या अनुदानित महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. योगाशी माझा संबंध सकाळी घरी घातलेल्या बारा सूर्यनमस्कारांपुरता आहे. तरीही 'योग आणि सजगता' (सजगता म्हणजे माइंडफुलनेस, आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) या दोन क्रेडिटच्या, म्हणजे पदवीच्या दोन श्रेयांकांच्या, विषयाचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे, कारण जे काम कोणाच्याच विषयात बसत नाही ते आमच्याकडे शेवटी भूगोल विभागात येते.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो क्रेडिट आराखडा प्रसिद्ध केला, त्यात मूल्यवर्धित विषयांच्या यादीत आरोग्य, योगशिक्षण, क्रीडा आणि तंदुरुस्ती यांचा समावेश आहे. आपल्या राज्यात हाच भाग सहअभ्यासक्रमात, म्हणजे ज्याला सगळे 'सीसी' म्हणतात त्यात, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि क्रीडा यांच्या जोडीला आला आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. आराखड्यात विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे सेवा योजनेच्या जागा पहिल्या दोन दिवसांत भरतात, खेळाडू मुले क्रीडेकडे जातात आणि उरलेली सुमारे १८० मुले-मुली कोणीही न विचारता योगात टाकली जातात.

मला तीन गोष्टींविषयी मार्गदर्शन हवे आहे. ज्याने योग मागितलाच नाही त्याला तो द्यावा का? शिकवणार कोण? आणि ५० गुण नेमके कशाला द्यायचे? आसन किती वाकून केले याचे गुण देता येतील, पण मन किती शांत झाले याचे गुण देणारा परीक्षक मी तरी होऊ शकणार नाही. 'सजगता' या भागाला आमच्या एका सहकाऱ्यांनी धार्मिक म्हणून आक्षेप घेतला आहे आणि दुसऱ्यांनी तो पाश्चात्त्य म्हणून घेतला आहे, त्यामुळे त्याविषयीही कोणी लिहिले तर उपकार होतील.

मैदानावरचा मास्तर

मॅडम, मी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून बावीस वर्षे काम करतो आहे, त्यामुळे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून आधी हिशेब मांडतो. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास झाले. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर प्रत्येक तुकडीला आठवड्याला चार तास द्यावे लागतात. एका शिक्षकाला एका वेळी तीस मुलांपेक्षा अधिक मुलांच्या पाठी आणि गुडघे नीट पाहता येत नाहीत. आपल्या १८० मुलांच्या सहा तुकड्या होतील आणि आठवड्याचे चोवीस तास होतील. हा एका पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आहे. तो तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून करून घेऊ, असे आपले प्राचार्य म्हणतील. तसे झाले तर निदान त्याच्याकडे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र किंवा विद्यापीठाची योगातील पदविका आहे एवढे पाहून घ्या. महाराष्ट्रात अशी माणसे मिळत नाहीत असे नाही. लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून आणि सांताक्रूझची योग संस्था १९१८ पासून हे काम करीत आहेत, रामटेकच्या संस्कृत विद्यापीठातही योगाचे अभ्यासक्रम चालतात, आणि २०१७ पासून प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेत योग हा स्वतंत्र विषय आहे. अडचण माणसे मिळण्याची नाही, त्यांना तासाला काय द्यायचे याची आहे.

आता वेळापत्रकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण योगाचा तास बहुतेक ठिकाणी तिथेच फसतो. ग्रामीण महाविद्यालयातली मुले सकाळी सातच्या एसटीने येतात. कोणी उपाशीपोटी येतो, कोणी साडेदहाला डबा खातो. वेळापत्रक समितीला मोकळा सापडतो तो तास बाराचा, आणि भाकरी खाल्ल्यानंतर तासाभरात पवनमुक्तासन, म्हणजे गुडघे पोटावर दाबण्याचे आसन, करायला सांगितले की काय होते ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. जेवणानंतर तीन-चार तास आसने करू नयेत हा नियम योगाच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी सांगितला जातो. आपले वेळापत्रक मात्र तो वर्षभर मोडत असते. शक्य असेल तर हा तास पहिला ठेवा. तो मिळालाच नाही तर दुपारच्या तुकडीला फक्त श्वसन, बसण्याची पद्धत आणि शिथिलीकरण द्या, आणि आसनांचा भाग सकाळच्या तुकड्यांशी पाळीपाळीने बदला.

आणखी एक गोष्ट सांगतो. मुलींना सलवार-कुर्त्यात, दार उघडे असलेल्या सभागृहात, मुलांच्या ओळीमागे झोपून आसने करायला सांगू नका. स्वतंत्र तुकडी आणि बंद दार एवढे केले तरी हजेरीत फरक पडतो. मासिक पाळीच्या दिवसांत उलटी आसने आणि पोटावर ताण येणारी आसने टाळण्याची मुभा कारण न विचारता द्यावी.

समुपदेशन कक्षातून

वरील हिशेब पटला. मी चिकित्सा मानसशास्त्रात काम करते. 'सक्ती असावी का' या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास एकत्र वाचण्यासारखे आहेत असे मला वाटते.

पहिला केंब्रिज विद्यापीठातला आहे. त्यात ६१६ विद्यार्थ्यांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाला नेहमीच्या साहाय्याबरोबर आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग देण्यात आला आणि दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे साहाय्य मिळत राहिले. परीक्षेच्या काळात वर्ग घेतलेल्या विद्यार्थ्यांचा मानसिक ताण दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिला. हे सर्व विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवून आले होते. दुसरा अभ्यास ब्रिटनमधल्याच ८५ शाळांचा आहे. त्यात अकरा ते चौदा वयाची आठ हजारांहून अधिक मुले होती आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या मुलांना वर्गातल्या शिक्षकांकडून, सरसकट, सजगता शिकवण्यात आली; उरलेल्यांची नेहमीची शिकवणी चालू राहिली. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नेहमीच्या शिकवणीपेक्षा या मुलांच्या मानसिक आरोग्यात काही अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. दोन्हींतली वये वेगळी आहेत, त्यामुळे सरळ तुलना करणे बरोबर होणार नाही. पण जो मागतो त्याला मिळालेला सराव आणि ज्याच्यावर लादला त्याला मिळालेला सराव यांत अंतर असावे, असे मला माझ्या कक्षातल्या अनुभवावरूनही वाटते. शाळेतल्या मुलांनी घरी सराव फारसा केलाच नव्हता, ही बाबही त्या अभ्यासात नोंदलेली आहे.

दुसरी चिंता मला अधिक गंभीर वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार पाहता सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात होती. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे म्हटले आहे. 'आमच्याकडे योगाचा तास आहे' हे त्या नेमणुकीला उत्तर होऊ शकत नाही, आणि काही संस्था तसे उत्तर देऊ पाहतात हे मी ऐकले आहे. उलट, डोळे मिटून वीस मिनिटे शांत बसवल्यावर ज्यांच्या मनात जुना आघात वर येतो किंवा घाबरेपणा वाढतो, अशी मुले प्रत्येक मोठ्या वर्गात एखाद-दुसरी असतात. त्यांना डोळे उघडे ठेवण्याची, उठून बाहेर जाण्याची मोकळीक आणि नंतर बोलायला माणूस हवा. आराखड्यात समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक नसेल तर सजगतेचा भाग ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोथीवाचक

मी संस्कृत शिकवून निवृत्त झालो आहे. सहकाऱ्यांच्या दोन्ही आक्षेपांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

'सजगता पाश्चात्त्य आहे' असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी आठ आठवड्यांचा जो ताणनिवारणाचा वर्ग सुरू केला, त्याचे मूळ पाली परंपरेतल्या 'सति' या संकल्पनेत, म्हणजे आपल्या 'स्मृती'त आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या शिबिरात ज्यांनी दहा दिवस काढले आहेत त्यांना त्यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. माल इथलाच आहे, फक्त वेष्टण बदलून परत आला आहे.

धार्मिकतेचा आक्षेप मी इतक्या सहज उडवून लावणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आसन आणि प्राणायाम म्हणजे उपासना नव्हे असे मीही मानतो. पण वर्गाची सुरुवात श्लोकाने आणि शेवट ओंकाराने करायचा, आणि वर हजेरीचे गुण ठेवायचे, असे झाले की संमतीचा प्रश्न उभा राहतोच. विद्यार्थी अठरा वर्षांचा असतो, त्याला विचारता येते. तेव्हा विचारावे. शाळांत योग सक्तीचा करावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली होती आणि शाळेत काय शिकवायचे हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही असे म्हटले होते. म्हणजे हा निर्णय धोरणकर्त्यांवर, आणि तुमच्या बाबतीत तुमच्या आराखड्यावर, येऊन थांबतो.

एक जुनी आठवण देतो. योगाकडे विशेष लक्ष द्यावे, तो सर्व शाळांत आणावा आणि त्यासाठी आधी शिक्षक-प्रशिक्षणात त्याचा समावेश करावा, असे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलेले होते. क्रम लक्षात घ्या : आधी शिक्षक, मग विद्यार्थी. या वेळी आपण उलट्या टोकाने सुरुवात केली आहे.

राहिला गुणांचा प्रश्न. पतंजलींच्या संपूर्ण योगसूत्रांत आसनाविषयी जेमतेम तीन सूत्रे आहेत, आणि त्यातल्या पहिल्यात 'स्थिरसुखमासनम्' एवढेच म्हटले आहे. स्थिर आणि सुखाचे असावे, बस्स. ज्या मुलाच्या पायांची बोटे हाताला लागत नाहीत त्याला कमी गुण देणारा परीक्षक या सूत्राविरुद्ध वागतो आहे.

तृतीय वर्षातली

मी विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्या महाविद्यालयात हा विषय झाला तेव्हा सत्तर जण एका सभागृहात होते, सतरंज्या चाळीस होत्या आणि हजेरी झाली की मागच्या दाराने निम्मे जण जात असत. शेवटी लेखी परीक्षेत 'योगाचे फायदे लिहा' असा प्रश्न आला. तरीही एक गोष्ट खरी सांगायची तर शवासनाची दहा मिनिटे मला आवडायची, कारण वसतिगृहात आणि घरीही कोणी काही काम सांगत नाही अशी दुसरी दहा मिनिटे माझ्या दिवसात नव्हती. मला योग कोणी विचारून दिला नव्हता, पण विचारले असते तरी मी तो घेतला असता. मागच्या दाराने जाणारे माझे मित्र क्रीडेत गेले असते तर त्यांचेही बरे झाले असते आणि सतरंज्याही पुरल्या असत्या.

तालुक्याची प्राध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. काल प्राचार्यांपुढे पुढीलप्रमाणे मांडले. योगासाठी साठ जागा, तीस-तीसच्या दोन तुकड्या, दोन्ही पहिल्या तासाला. म्हणजे कार्यभार चोवीस तासांवरून आठ तासांवर येतो आणि तेवढे मानधन बसवता येते. उरलेल्या १२० जणांसाठी सेवा योजनेचे दुसरे एकक मागायचे आणि सांस्कृतिक गट सुरू करायचा. प्रार्थना नाही, ओंकार ऐच्छिक, मुलींची तुकडी वेगळी. पन्नासपैकी वीस गुण नियमित उपस्थितीला, वीस विद्यार्थ्याने ठेवलेल्या सरावाच्या नोंदवहीला आणि दहा एका छोट्या तोंडी परीक्षेला, जिच्यात कोणते आसन कोणी टाळावे आणि का, एवढेच विचारायचे. नोंदवहीत मनात काय आले ते लिहायचे नाही. किती वेळ बसलो, झोप कशी लागली, कुठे दुखले एवढेच लिहायचे, म्हणजे कोणाच्या खासगी गोष्टी माझ्या टेबलावर येणार नाहीत.

समुपदेशकाच्या मुद्द्यावर प्राचार्य थोडा वेळ गप्प राहिले आणि मग तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून आठवड्यातून एक दिवस कोणी येऊ शकेल का ते विचारू, असे म्हणाले. पत्र मीच तयार करते आहे. समुपदेशन कक्षातून लिहिणाऱ्या ताईंनी अशा पत्रात नेमके काय मागावे ते सांगितले तर आजच पाठवता येईल.

समुपदेशन कक्षातून

ठरलेला वार, ठरलेली दोन तासांची वेळ आणि दार लावता येईल अशी वेगळी खोली, एवढे तुमच्या बाजूने लिहा. रुग्णालयाकडून राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातला माणूस मागा, नुसता 'डॉक्टर' मागू नका. आणि ती खोली प्राचार्यांच्या कार्यालयाशेजारी नसावी. तिथे कोणी येत नाही.