मदत हवी आहे: विज्ञानाच्या प्रयोगांतून ऊर्जाक्षेत्रातील कामांची ओळख कशी करून द्यावी?

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. आमच्या तालुक्यात कोयनेचे धरण आहे आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. तरीही वीजक्षेत्रात कोणकोणती कामे असतात असे विचारले, तर लाईनमन आणि इंजिनीअर या दोन उत्तरांपलीकडे वर्ग जात नाही, आणि मुली तर हा प्रश्न आपल्यासाठी नाहीच असे समजून गप्प बसतात. ही स्थिती बदलावी अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि त्यासाठी या क्षेत्रातील जाणकारांची मदत हवी आहे.

आधी आम्ही काय करतो ते सांगतो. प्लास्टिकचे चमचे गोल चकतीवर बसवून विद्यार्थी पाणचक्की तयार करतात, तिच्या आसाला छोटी डीसी मोटर जोडतात आणि टाकीची उंची बदलत मल्टिमीटरवर व्होल्टता मोजतात. कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहातील पहिल्या दोन टप्प्यांची टर्बाइन्स याच तत्त्वावर चालणारी, म्हणजे पेल्टन प्रकारची आहेत, हे सांगितल्यावर वर्गाचे लक्ष एकदम वाढते. एक लिटर पाणी १ मीटर खाली आले तर जास्तीत जास्त ९.८ ज्यूल ऊर्जा मिळू शकते आणि तेच पाणी ४५० मीटर खाली आले तर सुमारे ४,४०० ज्यूल, हे गणित विद्यार्थी स्वतः करतात. मग कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी कोकणाच्या बाजूला का उतरवले, हे वेगळे समजावावे लागत नाही. पीव्हीसी नळीच्या पात्यांची पवनचक्की आणि लहान सौरपट्टी यांवरही असेच प्रयोग होतात. दहावीच्या पुस्तकात हरित ऊर्जेवर पाठ असल्यामुळे यासाठी तासिका मिळवणे अवघड जात नाही.

अडचण पुढे येते. प्रयोग संपला की तो गुणांच्या वहीत जातो, आणि करिअर मार्गदर्शन म्हणून दहावीच्या परीक्षेच्या सुमारास एखादे व्याख्यान होते, ज्यात अभ्यासक्रमांची आणि प्रवेशपात्रतेची यादी वाचली जाते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही वाया जातात, असे माझे ठाम मत आहे. सौरपट्टीच्या एका कोपऱ्यावर सावली पडताच संपूर्ण पट्टीची वीज कशी घटते हे ज्या विद्यार्थिनीने स्वतः मोजले आहे, तिला त्याच तासाला कळले पाहिजे की छतावर पट्ट्या बसवण्याआधी वर्षभराच्या सावलीचा अंदाज बांधणे हे कोणाचे तरी रोजचे काम आहे, आणि त्यासाठी अमुक शिक्षण लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातून उपलब्ध होणारी शक्ती आठपट होते. म्हणून उद्या वारा किती वाहील याचा अंदाज देणाऱ्या हवामानतज्ज्ञालाही या क्षेत्रात स्थान आहे. अशा जोड्या मला आणखी हव्या आहेत, आणि त्या पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून.

विशेषतः वीज पारेषणाबाबत मी अडलो आहे. निर्मिती दाखवता येते, पण मागणी आणि पुरवठा यांचा क्षणोक्षणी मेळ घालण्याचे काम, जे राज्यासाठी नवी मुंबईतील ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून (लोड डिस्पॅच सेंटर) चोवीस तास चालते, ते वर्गात कसे आणावे? हाताने फिरवायच्या डायनामोला एकेक दिवा जोडत गेल्यास तो फिरवणे जड होत जाते, इतके आम्ही करून पाहतो. यापुढे जाऊन ५० हर्ट्झची वारंवारिता, म्हणजे वीजप्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने, भार वाढल्यावर का घसरते, हे कमी खर्चात आणि सुरक्षितपणे दाखवणारी एखादी मांडणी कोणी केली आहे का? मागणी वाढताच जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतात, पण कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातलेली आहे. तेव्हा हे पाणी नेमके केव्हा वापरायचे, हा निर्णयही विद्यार्थ्यांना खेळाच्या रूपात घ्यायला लावता आला तर फार बरे होईल.

दुसरी विनंती माणसांविषयी आहे. उपकेंद्रात यंत्रचालक असलेल्या, पवनचक्कीची देखभाल करणाऱ्या, आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम करून पुढे गेलेल्या, तंत्रनिकेतनातून आलेल्या व्यक्ती आमच्या विद्यार्थ्यांशी तासभर बोलतील का? प्रत्यक्ष येणे शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलही चालेल. स्त्रिया असतील तर अधिक आनंद होईल. पगार, पाळ्या, उंचीवरचे काम, कंत्राटी नोकरीची अनिश्चितता यांविषयीही त्यांनी मोकळेपणाने सांगावे, कारण पालक हेच विचारतात आणि त्यांना खरे उत्तर मिळाले पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रम या संस्थेच्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात ऊर्जा आणि पर्यावरण हा विभाग आहे. तो ज्या शाळांत चालतो तेथील शिक्षकांनी त्यातील कोणती कामे आठवीच्या वर्गाला झेपतात हे कळवल्यास उपयोग होईल.

आमच्याकडे स्वतंत्र कार्यशाळा नाही आणि २३० व्होल्टच्या पुरवठ्याला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही हा नियम मी मोडणार नाही, म्हणून कृपया १२ व्होल्टपर्यंतचेच प्रयोग सुचवावेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होताना हा उपक्रम नव्याने मांडायचा आहे. प्रयोग सुचवताना लागणारे साहित्य, अंदाजे खर्च आणि त्या प्रयोगाशी थेट जोडलेले एक तरी काम लिहिल्यास मला तो लगेच वर्गात नेता येईल.