दिरांचं बघून मुलगाही हुशारीचा आव आणायला लागलाय

प्रश्न
थोरले दीर दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतात. मागच्या खेपेला नववीतल्या मुलाने विचारलं, कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? भाऊजी म्हणाले, "हा एन्ट्रॉपीचा विषय आहे, तुझ्या डोक्यावरून जाईल." मग वीस मिनिटं स्वतःच्या वाचनाबद्दल. उत्तर नाहीच. नंतर ओट्याशी मी सांगितलं: वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. "मग काकांनी हे का नाही सांगितलं?"

काल शिकवणीत एक गणित येईना, तर हा बाईंना म्हणाला, "हे फारच बेसिक आहे." तशीच भुवई वर करून. पोटात धस्स झालं. काय करू?

प्रतिसाद १
मी मानसशास्त्र शिकवते. एवढ्यावरून कुणाला नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, ठरवू नका. पण लकब ओळखीची आहे. मानसशास्त्रज्ञ डेलरॉय पॉलहस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या चाचणीत १५० नावं देऊन ती कितपत ओळखीची आहेत ते विचारतात, त्यातली ३० बनावट. आत्मप्रौढी असलेली माणसं नसलेल्या गोष्टीही ओळखीच्या असल्याचं जास्त सांगतात.

प्रतिसाद २
"म्हणजे नेमकं काय होतं, भाऊजी?" असं पायरीपायरीने विचारा. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये लोकांना कपड्यांची चेन, संडासातला फ्लश कसे चालतात ते सविस्तर लिहायला लावलं, तेव्हा आपल्याला कितपत कळतं याचा त्यांचा अंदाज खाली आला.

प्रतिसाद १
चारचौघांत मात्र नको. अशा माणसाला अपमान वाटला तर तो चवताळतो. भोगावं लागेल मुलाला.

प्रतिसाद ३
माझे वडील असेच. सकाळचा अग्रलेख संध्याकाळी स्वतःचं मत म्हणून ऐकवायचे. मीही न वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचो. "मला माहीत नाही" हे शब्द तिशीत पहिल्यांदा तोंडातून निघाले, तेही बायकोसमोर. ताई, दिरांचं सोडा. मुलाच्या कानावर हे वाक्य तुमच्या तोंडून पडू द्या.

प्रश्नकर्ती
आज जेवताना त्याने विचारलं, महाबळेश्वरला पाणी किती अंशांना उकळत असेल? म्हटलं, "मला नाही माहीत रे, शोधूया." दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी, असं सापडलं. हिशेब त्यानेच मांडला, वहीच्या मागच्या पानावर. ९५ च्या आसपास आलं. भाऊजी समोरच होते. त्यांनी वही ओढून घेतली आणि आकडे बघत बसले.