गावात एकच रेडिओ होता, म्हणून गाव एकत्र होते काय?

धारूरकर

विजेच्या आधीचे गाव आणि मोबाइलनंतरचे गाव अशी दोन्ही ज्यांनी पाहिली, त्या मराठवाड्यातील पिढीचा मी एक आहे. माझे म्हणणे असे की करमणुकीची साधने वाढत गेली, तसतशी करमणूक घटत गेली. हे म्हातारपणाचे उसासे आहेत असे कोणी म्हणेल, म्हणून नेमके काय गेले ते सांगतो.

1970 नंतरच्या दशकात आमच्या गावात चालू स्थितीतले रेडिओ बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतला एक आमच्या ढेलजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या ओसरीत, भिंतीतल्या कोनाड्यात, भोके पाडलेल्या कातडी वेष्टनात असे. त्याच्या परवान्याचे पैसे टपाल कार्यालयात भरावे लागत. सेल महाग असल्यामुळे ते उतरू लागले की दुपारभर माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, उन्हात ठेवून त्यांच्यात आणखी दोन-चार दिवसांचा जीव आणला जाई. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची गीतमाला, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी, लागे. लघुलहरींवरचा तो आवाज मध्येच जवळ येई, मध्येच लांब जाई, आणि लांब गेला की ढेलजेत दाटीने बसलेली वीस-पंचवीस माणसे खोकलासुद्धा आवरून धरीत. पहिला क्रमांक कोणत्या गाण्याचा, यावर पैजा लागत. परभणी आकाशवाणीवरून शेतीची माहिती लागली की तीच मंडळी दुसऱ्या दिवशी पारावर कापसाच्या फवारणीवरून वाद घालीत, म्हणजे ऐकलेले पुन्हा बोलले जाई.

सुगी झाली की बहुरूपी, नंदीबैलवाले, डोंबारी, पोतराज दारी येत. मोहरमात सवाऱ्या निघत आणि त्यांच्यापुढे नाचणाऱ्यांत हिंदू किती नि मुसलमान किती, हे कोणी मोजत नसे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरे. दिवसा घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड. शिवाय तंबूतला सिनेमा, ज्यात रीळ तुटले की शिट्ट्या आणि पुन्हा जोडले की टाळ्या.

आज माझ्या घरात पाच माणसे आणि सहा पडदे आहेत. गेल्या दिवाळीत सगळे एका खोलीत बसले होते आणि प्रत्येकाच्या कानात निराळा आवाज चालू होता. यास प्रगती म्हणावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपली बाजू मांडावी.

सेलूची लेक

धारूरकर साहेब, आपल्या ढेलजेतील त्या वीस-पंचवीस माणसांत बायका किती होत्या, हे आपण लिहिलेले नाही. आमच्या घरी ती गीतमाला आम्ही स्वयंपाकघराच्या दाराआडून, भाकरी थापता थापता ऐकली. गाणे रंगात आले की नेमकी बाहेरून हाक येई, "अजून दोन माणसे जेवायला आहेत."

त्या काळाचे वर्णन करताना लोक जात्यावरच्या ओव्यांपर्यंत हमखास येतात. आपण आला नाहीत, याबद्दल आभार. पण पुढे कोणीतरी येईलच, म्हणून आधीच लिहिते. माझी आई आणि चुलती पहाटे जात्याच्या दोन बाजूंना बसत आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात फिरत. ज्वारी हे दळायला कठीण धान्य. जात्याचे दात बोथट झाले की पाथरवट येऊन टाकी लावून जाई आणि नव्याने टाकलेल्या जात्याची पहिली दोन-तीन दळणे कचकच लागत. आईच्या तळहातावर घट्टे होते. शेजारच्या बाजाराच्या गावी इंजिनाची गिरणी आली, तेव्हा ती डोक्यावर पाटी घेऊन चालत जायची, रांगेत बसायची, चालत यायची आणि तरीही तिला ती चैन वाटायची. त्या दिवसांतील कोणत्या यंत्राची आठवण येते, असे तिला विचारले असते तर तिने रेडिओचे नाव घेतले नसते, गिरणीचे घेतले असते.

ओव्या सुंदर होत्या, यात शंका नाही. परंतु हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि बायकांच्या तोंडच्या चाली आज ऐकायला मिळतात त्या ध्वनिमुद्रण यंत्रामुळे, हेही विसरू नये. त्यांत भावाची, माहेराची, सासुरवासाची जी दुःखे आहेत ती दळतानाच सांगावी लागत, कारण दुसरीकडे कोठे ऐकून घेणारे कोणी नव्हते.

पूर्णाकाठ

मुळात या धाग्याची मांडणीच मला पटत नाही. धारूरकर ज्याची आठवण काढतात तो रेडिओ म्हणजे त्या वेळचे अत्याधुनिक यंत्रच होते. रेडिओ आल्यापासून पोरे भारुडाला बसत नाहीत, अशी तक्रार माझे आजोबा करीत असत. आपल्या लहानपणी घरात असलेले यंत्र माणसाला यंत्र वाटतच नाही.

माणसे एकत्र बसत ती यंत्र एकच होते म्हणून. 25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा आमच्या गल्लीत एक कृष्णधवल संच होता. आमच्याकडे अंबाजोगाईच्या मनोऱ्याकडे आणि संभाजीनगरच्या बाजूला म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे तोंड करून लोक गच्चीवरचा अँटेना फिरवीत. एक जण वर, एक जण जिन्यात आणि एक जण संचासमोर, अशी "आलं का? गेलं!" ही साखळी चाले. रविवारी सकाळी वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली जाई. खोलीत पन्नास माणसे असत, हे खरे. पण 1988 च्या ऑक्टोबरात 'महाभारत' सुरू होऊन ते 1990 मध्ये संपेपर्यंत गल्लीत आणखी संच आले आणि ती पन्नास माणसे आपापल्या घरी बसली. तोपर्यंत मोबाइलचा पत्ताही नव्हता. एकत्र बसणे हा त्या माणसांचा गुण नव्हता, तो टंचाईचा परिणाम होता.

धारूरकर

पूर्णाकाठ यांचा मुद्दा ऐकायला पक्का वाटतो, पण टंचाईने माणसे एकत्र येत असती तर मराठवाड्याइतका एकदिलाचा मुलूख पृथ्वीवर सापडला नसता. 1972 च्या दुष्काळात आडावर कासरे सोडून बायका रात्र रात्र बसत, आणि तिथे गीतमालेसारखा मेळा जमत नसे, घागरी फुटत. पाणी एकच असले की भांडण आणि रेडिओ एकच असला की बैठक, असे का होते? कारण ढेलज उघडी ठेवण्याची एक रीत होती. रेडिओवाल्याने दार लावून घेतले असते तर त्याला कोणी अडवले नसते. त्याने लावले नाही. टंचाई तर होतीच, पण त्या टंचाईत कसे वागायचे हे माणसांनी ठरवले होते आणि ती रीत मोडली, हेच माझे दुःख आहे.

सेलूच्या ताईंच्या पत्रावर मला वाद घालायचा नाही. एवढेच विचारतो, की जात्याचे कष्ट गेले याचा आनंद मानूनही, गिरणीच्या रांगेत बसलेल्या बायकांनी नवी ओवी का रचली नाही?

सेलूची लेक

गिरणीच्या आवाजात शेजारणीचे बोलणे ऐकू येत नाही, साहेब. आणि ज्याच्यासाठी ओवी लागत असे ते बोलणे बायका आता माहेरी फोन करून बोलतात. ते आपल्याला ऐकू येत नाही, एवढाच फरक आहे.

वसमतकर

"ढेलज उघडी ठेवण्याची रीत" हे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. ती कोणासाठी उघडी होती? आमची वस्ती गावाबाहेर होती. माझे वडील रेडिओ ऐकायला जात ते ढेलजेच्या पायऱ्यांखाली, अंगणाच्या कडेला उभे राहून. कोणी हाकलून देत नसे आणि कोणी वर बोलावतही नसे. गीतमाला त्यांनीही ऐकली, पैज लावण्याइतक्या जवळून मात्र कधी नाही.

आमच्या वस्तीत करमणूक खऱ्या अर्थाने आली ती टेपरेकॉर्डरबरोबर. परळीहून कोणीतरी जुना संच आणला आणि प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातील भीमगीतांच्या कॅसेटी वाजू लागल्या. त्याआधी वामनदादा कर्डकांची गाणी गायनपार्ट्यांच्या तोंडून, जयंतीच्या रात्री ऐकायला मिळत. आता ती रोज संध्याकाळी, आमच्याच अंगणात, आम्हाला हवी तेव्हा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 मध्ये झाला, खेड्यापाड्यांत घरे जळाली आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या मधल्या वर्षांत आमच्या भागात कॅसेट हातोहात फिरे. फीत गुंतली की पेन्सिल घालून ती गुंडाळायची आणि पुढच्या वस्तीवर द्यायची. स्वस्त यंत्राने आम्हाला जे दिले ते उघड्या ढेलजेने दिले नव्हते. ज्यांच्या घरात रेडिओ होता त्यांना एकच रेडिओ असण्याचे दिवस गोड वाटणे साहजिक आहे.

बालाघाट

आमचे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमध्ये बसले की चैत्राच्या आसपास परत यायचे, आणि आम्ही भावंडे आजीजवळ. मधल्या काळात आई कोल्हापूरकडे आहे की कर्नाटकात, हेसुद्धा मुकादमाचा माणूस गावी आला तर कळे. थोरल्या बहिणीला एकदा विंचू चावला, ती बरी झाली, शाळेत जाऊ लागली, आणि ही सगळी हकीकत आईला ती परत आल्यावर कळली. आज माझी चुलत वहिनी उसाच्या फडात कोयता बाजूला ठेवून लेकीला तोंड दाखवते, तिची वेणी कोणी घातली ते विचारते. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, फिटत नाही, कष्ट तेच आहेत, पालेही तीच आहेत. पण संध्याकाळचे ते पाच मिनिटांचे बोलणे कोणाच्या गतस्मृतींसाठी परत देण्याची तिची तयारी असेल, असे मला वाटत नाही.

तेरणाकाठ

मूळ लेखात माळवदाचा उल्लेख ओझरता आला आहे. उन्हाळ्यातल्या गप्पा, गाणी, भुताच्या गोष्टी यांचे आमच्याकडचे खरे ठिकाण तेच. वैशाखात रात्री बाजा आणि वाकळा घेऊन सगळी गल्ली माळवदांवर जाई. माळवदे एकमेकांना लागून असल्यामुळे एका घरावरून दुसऱ्या घरावर चालत जाता येई. एकाने सुरू केलेली गोष्ट तिसऱ्या घरावरचा माणूस संपवी.

परंतु ते माळवद बनलेले कसे असे, हेही सांगावे लागते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी वरून नवी माती पसरायची, जुनी क्वचितच काढायची, त्यामुळे छताचे वजन वर्षानुवर्षे वाढत जायचे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जन करून झोपलेल्या किल्लारी आणि भोवतालच्या गावांवर पहाटे चारच्या सुमारास भूकंपात तीच माती आणि तेच दगड पडले. हजारो माणसे गेली, त्यांत आमच्या घरचीही होती. पुढे पुनर्वसनात नवी गावे वसली ती रुंद रस्त्यांची आणि सुट्या सुट्या घरांची. तिथे या माळवदावरून त्या माळवदावर जाता येत नाही, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे आम्ही काँक्रीटच्या छताखालीही झोपायला घाबरत होतो.

मला माळवदावरच्या त्या रात्रींची आठवण येते. ती आठवण खोटी नाही आणि ते घर धोक्याचे होते हेही खोटे नाही. धागा सुरू करणाऱ्यांनी किंवा त्यांना विरोध करणाऱ्यांनी यांतले एकच निवडायला सांगू नये, एवढी विनंती.

औसेकर

तेरणाकाठ यांच्यानंतर लिहिणे अवघड आहे, तरी एक उदाहरण जोडतो, कारण ते पूर्णाकाठ यांच्या टंचाईच्या सिद्धान्तात बसत नाही. आमच्या लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आजही होते. त्या दिवशी गावे आणि शहरेसुद्धा ओस पडतात. शेतात कडब्याची कोप करून पाच दगडांचे पांडव मांडतात, बिंदग्यातून आंबील नेतात, भज्जी (अनेक भाज्या आणि शेंगांची एकत्र भाजी), उंडे, खीर असे जेवण होते, आणि ज्यांना शेत नाही त्यांना आग्रहाने बोलावून नेतात. पुण्यामुंबईत नोकरी करणारी पोरे रजा काढून येतात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असतो, छायाचित्रेही काढली जातात, पण जेवताना पंगत मोडत नाही. अखंड हरिनाम सप्ताहाचेही तेच. ध्वनिक्षेपक आले, मोठे पडदे आले आणि गर्दी वाढलीच. मागे पडला तो तमाशा, आणि त्याला मोबाइलच्या कितीतरी आधी व्हिडिओने गाठले होते. म्हणजे धारूरकर म्हणतात ती रीत जिथे टिकवली तिथे ती यंत्राच्या नाकावर टिच्चून टिकली आहे.

पूर्णाकाठ

येळवशीला शेत लागते आणि शेत ही आजही सर्वांत मोठी टंचाई आहे. बोलावून नेतात हे मान्य. पण बोलावणारा कोण आणि बोलावला जाणारा कोण, हे दरवर्षी ठरलेलेच असते. वसमतकर यांचा प्रश्न तिथेही उभा राहतो.

धारूरकर

वसमतकर यांनी पायऱ्यांखालचा जो माणूस दाखवला, तो आमच्याही अंगणात उभा असे आणि त्याची जागा माझ्या लेखात असायला हवी, हे मी मान्य करतो. पण त्यावरचा उपाय ढेलज आणखी मोठी करणे हा होता. प्रत्येकाला वेगळा कोनाडा देऊन आपण तो प्रश्न सोडवला नाही, फक्त नजरेआड केला. आज त्या माणसाचा नातू आणि माझा नातू तेच गाणे एकाच वेळी, आपापल्या खोलीत ऐकतात. दोघांना बरोबरीने ऐकायला मिळते, पण एकमेकांची पैज काही लागत नाही.

वसमतकर

लागते, साहेब. माझा मुलगा आणि त्याचे आपल्या गावातले दोस्त रात्री मोबाइलवर एकत्र खेळतात आणि हरणारा दुसऱ्या दिवशी बसस्थानकासमोर चहा पाजतो. कोणाचे घर कोणत्या आळीत आहे, याची चौकशी त्यात होत नाही. आपण एकदा संध्याकाळी तिकडे येऊन पाहावे.

सेलूची लेक

औसेकर दादा, येळवशीची भज्जी आदल्या रात्री जागून कोण करते, तेवढे सांगा.

औसेकर

घरातल्या बायकाच करतात, ताई. गॅस आल्यापासून रात्र थोडी लहान झाली आहे. यंदा वाटाणे आणि तुरीच्या शेंगा सोलायला आम्ही पुरुष बसलो होतो, मोबाइलवर सामना लावून.