डिझेल पिकअपमध्ये गिअरची चकती : सोय की अडचण?

डोंगरउतार (डेन्व्हर)

अमेरिकेत ज्यांना ‘हाफ-टन’ म्हणतात त्या पिकअप ट्रकमध्ये तीन लिटरचे डिझेल इंजिन देण्याचा प्रयोग तिन्ही मोठ्या कंपन्यांनी करून पाहिला. रॅमने २०१४ मध्ये इटलीच्या व्हीएम मोटोरीचे व्ही-६ (व्ही आकारात सहा सिलिंडरचे) इंजिन बसवले आणि २०२३ मध्ये ते थांबवले. फोर्डचे एफ-१५० मधील डिझेल २०१८ ते २०२१ एवढेच टिकले. शेवरले सिल्व्हराडोमधील सरळ सहा सिलिंडरचे ड्युरामॅक्स मात्र अजून मिळते.

चालवण्याच्या अनुभवाबद्दल मला फारशी तक्रार नाही. डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर पोहोचतो आणि तिथे साध्या पेट्रोल इंजिनाला धाप लागते, तेव्हा हे टर्बो डिझेल मागे ट्रेलर असूनही फारसा आवाज न करता चढत राहते. सिल्व्हराडोच्या सुरुवातीच्या ड्युरामॅक्सची ४६० पौंड-फुटांची कमाल ओढ (टॉर्क) मिनिटाला अवघ्या १,५०० फेऱ्यांना मिळत असल्यामुळे दहा गिअरच्या पेटीला सारखी धावपळ करावी लागत नाही, आणि गिअर कधी बदलला हे बहुधा फेऱ्यांच्या काट्याकडे पाहिल्यावरच कळते.

माझा आक्षेप गिअर निवडण्याच्या साधनावर आहे. रॅमने डॅशबोर्डवर फिरवायची चकती दिली. ट्रेलर जोडताना किंवा अरुंद जागेत मागे घेताना ‘डी’ (पुढे) आणि ‘आर’ (मागे) यांच्यात सतत ये-जा करावी लागते, आणि त्या वेळी चालकाची नजर आरशात असते, हातावर नसते. स्टिअरिंगलगतचा दांडा ‘आर’वरून ‘पी’त (पार्क) न्यायचा तर तो आधी स्वतःकडे ओढावा लागतो, त्यामुळे नकळत ‘पी’ लागत नाही. चकतीला असा अडसर नाही. ‘डी’पासून दोन खटके (मध्ये ‘एन’ म्हणजे न्यूट्रल) म्हणजे ‘आर’, आणि तिसरा पडला की ‘पी’. जे काम न बघता करायचे आहे, त्याचे साधन हाताला ओळखता आलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

सुटे_भाग (डेट्रॉइट)

इंजिनाबद्दल पूर्ण सहमत, चकतीबद्दल अजिबात नाही. आजच्या अनेक नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचा दांडा गिअरपेटीला कोणत्याही तारेने वा सळईने जोडलेला नसतो. तो संगणकाला इशारा देणारा एक स्विच असतो. मग त्या स्विचला हातभर लांबी कशाला? फोर्डने तर एफ-१५० मध्ये दोन आसनांमधल्या पेटीवरचा (कन्सोल) दांडा बटण दाबताच आडवा होईल अशी सोय केली, म्हणजे त्यावर फळी पसरून लॅपटॉप ठेवता येतो. दांडा वाटेत येतो, हे मान्य केल्याशिवाय असली मोटर कोणी बसवेल का?

शिवाय हा प्रयोग नवा नाही. क्रायस्लरने १९५६ च्या गाड्यांत गिअरची बटणे दिली होती आणि ती १९६४ पर्यंत चालली.

डोंगरउतार

ती १९६४ नंतर बंद का झाली, याचाही विचार करावा. आणि २०१६ विसरून चालणार नाही. रॅमची तेव्हाची मालक कंपनी फियाट क्रायस्लरने त्या वर्षी जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण गाडी ‘पी’मध्ये आहे असे समजून चालक उतरत होते आणि गाडी घरंगळत होती.

सुटे_भाग

हे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. त्या जीप ग्रँड चेरोकी, डॉज चार्जर आणि क्रायस्लर ३०० या गाड्यांत चकती नव्हती, दांडाच होता! तो ढकलला की परत मधल्या जागी येऊन उभा राहत असे, त्यामुळे कोणता गिअर लागला हे हाताला कळत नव्हते. रॅमची चकती जिथे फिरवाल तिथेच थांबते, आणि तिच्या दोन्ही टोकांना पक्का अटकाव आहे. डोळे मिटून पूर्ण उजवीकडे फिरवली तरी ‘डी’पुढे जात नाही. राहिला तिसऱ्या खटक्याचा प्रश्न. वेग असताना संगणक ‘पी’ लागू देत नाही, आणि उभ्या गाडीत ‘पी’ लागला तर एवढेच होते की गाडी हलत नाही.

घाटवळण (कोल्हापूर)

आमच्याकडे ट्रेलर ओढण्याची पद्धत जवळजवळ नाहीच, त्यामुळे या वादाची धार इकडे जाणवत नाही. भारतात २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्समध्ये दोन आसनांमधला नेहमीचा दांडा आहे. गंमत म्हणजे हायलक्सच्या एकाच डिझेल इंजिनाला हाताच्या गिअरबरोबर ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकबरोबर ५०० न्यूटन-मीटर ओढ मिळते, त्यामुळे ‘ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची गाडी’ हे जुने म्हणणे इथे तरी लागू पडत नाही.

आंबा घाट उतरताना दांडा ‘एस’मध्ये (गिअर हाताने ठरवण्याची जागा) घेऊन खालचा गिअर धरून ठेवला की ब्रेकवरचा पाय बराच वेळ मोकळा राहतो. माझा मुद्दा असा की खालचा गिअर धरण्याचे साधन आणि पुढे-मागे जाण्याचे साधन एकाच हातात असावे. चकतीच्या रॅममध्ये पहिले काम स्टिअरिंगवरच्या बटणांकडे आणि दुसरे डॅशबोर्डकडे, ही विभागणी मला पटत नाही. (स्टिअरिंगलगतचा गिअर म्हटल्यावर मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीच आठवतात; त्यांतले काही दांडे हाताने ओळखण्यासाठी वेगळी साधना लागत असे.)

खाडीकाठ (ह्यूस्टन)

मी चकतीची रॅम डिझेल वापरते आणि गॅल्व्हेस्टनला बोट पाण्यात उतरवते, म्हणून थोडे प्रत्यक्षातले सांगते. शेवाळलेल्या उतारावर ट्रेलर मागे नेताना माझा डावा हात स्टिअरिंगच्या तळाशी असतो आणि उजवा चकतीवर. ‘डी’ सोडून दोन खटके मोजण्याची सवय चटकन होते. उजवा खांदा धरलेल्या माणसाला दांडा वर उचलून ओढण्यापेक्षा मनगट फिरवणे किती सोपे जाते, हे ज्याचे त्यालाच कळेल.

एक त्रुटी मात्र खरी आहे. चकती, आवाजाचे बटण आणि वातानुकूलनाची बटणे एकाच पट्ट्यात, आणि सगळी गोल. जाड हातमोजे घातले की बोटांना त्यांतला फरक नीट कळत नाही. हा दोष चकतीचा नसून तिच्या शेजाऱ्यांचा आहे. शिवाय उतारावर आधी हँडब्रेक आणि मगच ‘पी’, हा नियम दांडा असला तरी पाळावाच लागतो.

डोंगरउतार

खांद्याचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सुटे_भाग यांच्या ‘गाडी हलत नाही एवढेच’ या वाक्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. रहदारीच्या रस्त्यावर ट्रेलर आडवा असताना, दोन्ही बाजूंची वाहने थांबलेली असताना, ऐन वेळी गाडी न हलणे हीच अडचण आहे.

दुर्दैवाने बाजार त्यांच्या बाजूने आहे. २०२२ च्या सुधारित सिल्व्हराडोमध्ये समोर तिघांचा सलग बाक घेतला तरच स्टिअरिंगलगतचा दांडा मिळतो. वेगळ्या खुर्च्या घेतल्या की तो मधल्या पेटीवर जातो. डिझेल आणि बाक दोन्ही असलेला ट्रक विक्रेत्याच्या आवारात सापडणे कठीण, तो मागवूनच घ्यावा लागेल असे दिसते. कोणी अलीकडे मागवला असल्यास किती महिने लागले, ते कृपया इथे लिहावे.