रेडिएशननंतरची दर तीन महिन्यांची तपासणी जिल्ह्यातच करता येईल का? – मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या आईला (वय 56) पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले आणि तपासणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, टप्पा 2बी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून पाच आठवडे बाहेरून रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोथेरपीचे औषध आणि शेवटी ब्रॅकीथेरपी (आतून दिलेले रेडिएशन) असे उपचार गेल्या वर्षी पूर्ण झाले. केसपेपरवर आता ‘दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी’ असे लिहून दिले आहे.

उपचार झाले त्या परजिल्ह्यातील रुग्णालयाच्या ओपीडीतली तपासणी काही मिनिटांत आटोपते. मानेतल्या आणि जांघेतल्या गाठी चाचपतात, पायांवरची सूज पाहतात, स्पेक्युलम घालून आतून बघतात. तेवढ्यासाठी आईचा दोन दिवसांचा रोज बुडतो, शिवाय सोबत कोणीतरी लागते, म्हणून ती आता जायला तयार नाही. आजार उलटलाच तर तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, असे डॉक्टरांनी समजावल्यामुळे मला मात्र एकही फेरी चुकवावीशी वाटत नाही. सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या ज्या अभ्यासातून, एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीनेही या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे 2009 मध्ये जगापुढे आले, तो याच जिल्ह्यातला. आणि इथल्याच बाईला नुसत्या तपासणीसाठी परजिल्ह्यात जावे लागते, याचे फार वाईट वाटते.

जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकाआड एक फेरी करून घेणे सुरक्षित आहे का? रेडिएशननंतर पेशींचे रूप बदलत असल्यामुळे पॅप स्मिअरवर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेल्या तपासणीवर) विसंबता येत नाही, असे वाचले आहे. मग हाताने केलेल्या तपासणीशिवाय तिथे आणखी काय करून घ्यावे?

दुसरी अडचण अधिक तातडीची आहे. महिन्याभरापासून आईला शौचावाटे थोडे लाल रक्त जाते. गावातील डॉक्टर मूळव्याध म्हणून मलम देत आहेत, पण रेडिएशनचा गुदाशयावरील परिणाम असा कित्येक महिन्यांनीही दिसू शकतो, आणि अशा जागेचा तुकडा तपासणीसाठी काढल्यास जखम न भरण्याचा धोका असतो, असे कळले. त्यामुळे दुर्बिणीची तपासणी इथे करून घ्यावी की उपचार झालेल्या रुग्णालयातच, आणि इथे केल्यास रेडिएशनच्या मात्रेची नोंद असलेला कोणता कागद तिथून आधी मागवून घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.